उतारवयातील किरकोळ दुखणी



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली. पुढे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांनी ती उचलली. अशा परंपरेच्या मांडवात ठेच, लचक, बद्धकोष्ठ आणि गुडघे हा विषय घेऊन उभे राहणे काहींना थोडे गमतीचे वाटेल. पण समोर पाहिले तर बरीच डोकी पांढरी दिसतात, आणि मघाशी सतरंजीवर बसताना देवाचे नाव घेणाऱ्यांची संख्याही काही कमी नव्हती. तेव्हा विषय अगदीच परका आहे असे नाही.

मला आज मुख्यतः एक गोष्ट सांगावयाची आहे. उतारवयात दुखणे किरकोळ आहे की नाही, हे जखमेच्या आकारावरून ठरत नाही. ते कोणाला झाले आहे आणि किती दिवस लपवून ठेवले आहे, यावरून ते ठरते. अंगठ्याला लागलेली तीच ठेच विशीतल्या मुलाच्या बाबतीत विसरून जाण्याची गोष्ट असते, आणि साखरेचा विकार असलेल्या सत्तरीच्या गृहस्थाच्या बाबतीत ती पाय वाचतो की जातो या प्रश्नाचा आरंभ असू शकते. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' असे आपण म्हणतो. लहान दुखण्यांचेही तसेच आहे. दुखणे सोसवते, पण सोसण्याची सवय सोकावते, आणि मग मोठे दुखणे दारात येऊन उभे राहिले तरी ते ओळखू येत नाही.

याच्या उलट दुसरेही एक टोक आहे. अंग जरा मोडून आले की दवाखान्यात जाऊन, 'डॉक्टर, एक सलाईन लावा' असे म्हणणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्याला तोंडाने पाणी पिता येते, अन्न जाते, त्याला नुसत्या अशक्तपणासाठी बाटली लावून घेण्याचे कारण नसते. त्या बाटलीत बहुधा मीठपाणी किंवा साखरपाणीच असते. वृद्धाच्या हृदयाला किंवा मूत्रपिंडाला ते भराभर दिलेले पाणी झेपले नाही, तर उपायच अपाय होतो. म्हणजे एकाने सर्व सोसावयाचे आणि दुसऱ्याने सर्वांसाठी सुई टोचून घ्यावयाची, ही दोन्ही टोके सोडून मधला जो व्यवहाराचा रस्ता आहे, त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

प्रथम हे समजून घेऊ की वय झाले म्हणजे शरीरात होते तरी काय. हाडांतील चुना हळूहळू कमी होतो. स्त्रियांच्या बाबतीत पाळी गेल्यानंतर तो अधिक वेगाने कमी होतो. कातडी पातळ होते आणि तिच्याखालची चरबीची गादी झिजते. म्हणून तरुणपणी ज्या धक्क्याने नुसता वळ उठला असता, त्याने आता कातडीच सोलून निघते. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे रक्त कमी पडते. अंधारातून उजेडात किंवा उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला सावरायला अधिक वेळ लागतो. जखम भरून काढण्याची शक्ती मात्र नाहीशी होत नाही. ती फक्त सावकाश चालते. हे आशेचे आहे, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाचा बदल असा की, शरीराची दवंडी देण्याची ताकद कमी होते. तरुण माणसाला जंतूंची बाधा झाली की ताप चढतो, हुडहुडी भरते. म्हाताऱ्या माणसाला तीच बाधा झाली तर कधी ताप येतच नाही. नुसते जेवण कमी होते, माणूस गप्प बसतो, कधी असंबद्ध बोलू लागतो. हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येतेच असे नाही. दम लागतो, घाम सुटतो, मळमळते, आणि घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. उन्हात पाणी आटले तरी तहान लागत नाही. म्हणून वृद्धांच्या बाबतीत दुखणे किती मोठ्याने ओरडते आहे यावर विसंबून चालत नाही.

आता जखमेपासून सुरुवात करू. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतची हळदीची बाजारपेठ दूरवर माहीत आहे आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशा मुलखात कोणाला कापले, खरचटले की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, हे साहजिक आहे. या हळदीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९५ साली अमेरिकेत हळद जखमेवर वापरण्याच्या प्रयोगाला नवा शोध समजून पेटंट देण्यात आले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झालेले होते. परिषदेने त्या पेटंटाला आव्हान दिले आणि जुने संस्कृत ग्रंथ, तसेच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा लेख, असे पुरावे पुढे ठेवले. हे ज्ञान आमच्या घरोघर पूर्वीपासून आहे, हे सिद्ध झाले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द ठरले.

या विजयाचा आपल्याला अभिमान वाटावा, यात शंका नाही. पण त्यातून काय सिद्ध झाले आणि काय नाही, हे नीट पाहिले पाहिजे. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढे सिद्ध झाले. हळदीत जंतूंना रोखणारे आणि सूज उतरवणारे गुण आहेत, हेही प्रयोगशाळांत पाहण्यात आलेले आहे. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातील, चमचा बुडवून बुडवून वापरलेली, बाजारातून येताना काय काय मिसळले गेले आहे ते ठाऊक नसलेली पूड खोल जखमेत कोंबावी, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही. पूड कोंबली की रक्त थांबल्यासारखे दिसते, वर खपली धरते, आणि आत राहिलेली माती, काटा, शेण तेथेच राहते. दोन दिवसांनी तिथे पू होतो. शिवाय पिवळ्या थराखाली जखम लाल झाली की काळी पडली, हे डॉक्टरलाही दिसत नाही.

जखमेचे पहिले औषध वाहते स्वच्छ पाणी हे आहे. जखम पाण्याखाली धरावी, भोवतालची कातडी साबणाने धुवावी, दिसणारी घाण काढून टाकावी. रक्त येत असेल तर धुतलेल्या कापडाची घडी करून जखमेवर घट्ट दाबून धरावी. आणि दहा मिनिटे घड्याळ लावून धरावी. थांबले की नाही म्हणून मिनिटामिनिटाला उचलून पाहू नये, कारण प्रत्येक वेळी धरत आलेली गुठळी निघून येते. हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांचे रक्त थांबायला अधिक वेळ लागतो. तरीही थांबले नाही तर दाब न सोडता दवाखाना गाठावा. जखम धुऊन झाली, कोरडी केली, वर स्वच्छ पट्टी बांधली, की घरचे काम संपले. रोज एकदा पट्टी सोडून पाहावी. लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल, वास येत असेल, तर ती जखम आता घरची राहिली नाही.

धनुर्वाताच्या सुईविषयी दोन शब्द. लहान मुलांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७८ साली सुरू झाला. म्हणजे आज साठी ओलांडलेल्यांपैकी पुष्कळांना लहानपणी ही लस मिळालेली नसण्याचा संभव आहे. स्त्रियांना बाळंतपणाच्या निमित्ताने ती कधीतरी मिळालेली असते. पुरुषांना तेही नाही. ज्याने ही लस पूर्वी घेतलेलीच नाही, त्याला एका सुईने पुरे संरक्षण मिळत नाही. तीन टोचण्या घ्याव्या लागतात, आणि मग दर दहा वर्षांनी एक. उलट, खरचटल्याबरोबर दर वेळी सुई टोचून घेणारेही आहेत. त्या सुईने जखम भरत नाही. केव्हा घेतली ते एका कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे दोन्ही चुका टळतात. कुत्रे चावले किंवा त्याचा दात नुसता लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. तेथे मिरचीही नको, चुनाही नको आणि गावठी झाडपाला तर नकोच.

जखमांमध्ये सर्वांत फसवी जखम पायाची. नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात. पायी वारी करणारी, अनवाणी देवदर्शनाला जाणारी म्हातारी मंडळी आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या पायांची काळजी वाटते. साखरेचा विकार जुना झाला की तळपायाच्या मज्जातंतू बधिर होत जातात. खडा रुतला, चटका बसला, चप्पल गळून पडली, तरी कळत नाही. महारोगाच्या बाबतीत हेच घडत असे. त्या रोग्यांची बोटे रोगाने आपोआप गळून पडतात, असा समज होता. वेल्लोर येथे काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, ती बोटे जातात मुख्यतः न कळलेल्या जखमांमुळे. वेदना नाहीशी झाली, म्हणून राखणदार गेला, आणि राखणदार गेला म्हणून पाय गेला. तेव्हा दुखत नाही म्हणून जखम किरकोळ आहे, असे साखर असलेल्या माणसाने कधीही समजू नये. त्याच्या बाबतीत न दुखणारी जखम हीच अधिक भयंकर.

उपाय साधा आहे. रात्री निजण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यासकट कोरडे करून, उजेडात तळवे पाहावेत. वाकवत नसेल तर जमिनीवर लहान आरसा ठेवून पाहावे, किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. नातवंडांना हे काम आवडते. भेगांना तेल किंवा व्हॅसलीन लावावे, पण बोटांच्या मध्ये लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. गरम पाण्यात पाय घालण्यापूर्वी ते पाणी कोपराने पाहावे. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या, मागून पट्टा असलेल्या चपला मिळतात. त्या घराबाहेरच नव्हे, तर घरातही घालाव्यात. देवळात जावयाचे तर चप्पल पायरीपर्यंत न्यावी. देव त्याबद्दल रागावणार नाही.

आता पडण्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे पासष्टीपुढील माणसांपैकी दर वर्षी सुमारे तिघांतील एक जण पडतो. आणि हे पडणे झाडावरून किंवा माळवदावरून पडणे नव्हे. माणूस बाजेवरून उठून लघवीला जाताना पडतो, ओल्या न्हाणीत पडतो, ज्या उंबरठ्यावरून चाळीस वर्षे ये-जा केली त्याच उंबरठ्याला अडखळून पडतो. झोपेतून एकदम उभे राहिले की रक्तदाब क्षणभर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या विकाराच्या गोळ्या चालू असतील, तर हे अधिकच होते. म्हणून उठताना आधी बाजेच्या काठावर पाय सोडून मिनिटभर बसावे, पायाची बोटे हलवावीत, मग उभे राहावे. रात्रभर एक लहान दिवा जळत ठेवावा. न्हाणीत आणि संडासात भिंतीला एक मजबूत नळीचा दांडा बसवून घ्यावा. फरशी घासून शेवाळ काढावे. लोंबणारे धोतर, पायात येणारे लुगडे, दुमडलेली सतरंजी, वाटेत ठेवलेली कळशी या वस्तूंनी जितकी हाडे मोडली असतील तितकी बैलांनीही मोडली नसतील. या सर्व उपायांचा खर्च एका क्ष-किरण चित्राच्या खर्चाहून फारसा अधिक होत नाही.

काठीविषयी आपल्याकडे फार संकोच असतो. चष्मा लावताना लाज वाटत नाही, मग काठीनेच काय पाप केले? काठी मात्र नीट धरली पाहिजे. ज्या बाजूचा गुडघा दुखतो, त्याच्या उलट हातात ती धरावयाची असते. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. तिची मूठ, हात सरळ सोडून उभे राहिले असता, मनगटाच्या रेघेशी यावी. खाली रबरी बूच असावे.

आणि पडलेच, तर काय करावे? पहिली गोष्ट, भोवतीच्यांनी बगलेत हात घालून लगेच ओढून उभे करू नये. पडलेल्याने श्वास घ्यावा, हातपाय एकेक हलवून पाहावेत, कुशीवर वळावे, गुडघ्यांवर यावे, आणि बाजेचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन उठावे. जांघेत कळ येत असेल, पाय बाहेरच्या अंगाला वळलेला व आखूड दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे समजून मुळीच उभे करू नये. चोळणे नको, शेक नको, पट्टा ओढणे नको. बाजेवर किंवा फळीवर तसेच निजवून न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्याचसाठी आहे. अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: 'या वयात कशाला ऑपरेशन?' त्याला माझे उत्तर असे की, हे ऑपरेशन आयुष्याची वर्षे मोजून करावयाचे नसते. माणसाला उठून बसता यावे, चालता यावे म्हणून करावयाचे असते. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्त गोठते. खुबा मोडलेले वृद्ध दगावतात ते पुष्कळदा या अंथरुणाने. म्हणून होईल ते एक-दोन दिवसांत व्हावे, हे चांगले.

डोक्याला मार लागला असेल, तर आणखी एक सावधगिरी. वृद्धाच्या मेंदूभोवती रक्त इतके सावकाश साठत जाते की, पडण्याची घटना सगळे विसरून जातात, आणि दोन-चार आठवड्यांनी माणूस पेंगू लागतो, चालताना झुकतो, नावे विसरतो. घरचे म्हणतात, वय झाले. वास्तविक हे वय नसते. वेळीच तपासले तर ते रक्त काढता येते आणि माणूस पूर्ववत होऊ शकतो. तेव्हा पडल्याची तारीख लिहून ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याचा मार त्याच दिवशी दाखवावा.

भाजण्याचे आणि विंचवाचे थोडक्यात सांगतो. हळद शिजवण्याच्या हंगामात कुकरच्या वाफेने आणि उकळत्या पाण्याने भाजल्याचे प्रकार घडतात, घरात चहा आणि अंघोळीचे पाणी आहेच. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. सूज येण्यापूर्वी बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. फोड फोडू नये. हाताच्या तळव्याहून मोठे भाजले असेल, किंवा तोंड, हात, पाय यांवर भाजले असेल, तर दवाखाना गाठावा.

विंचवाच्या बाबतीत मराठवाड्याला अभिमान वाटावा असे एक नाव आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून, घाम किती, नाडी किती, हातपाय थंड केव्हा पडले, हे टिपून ठेवले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या विषावर गुणकारी पडते हे दाखवून दिले. त्यांची टिपणे 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात छापून आली; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण यातून घ्यावयाचा धडा असा: दंशाच्या जागी नुसत्या वेदना असतील तर धोका कमी, पण दरदरून घाम, उलटी, थंडगार हातपाय ही लक्षणे दिसली की मंत्र आणि चिरा देण्यात एक मिनिटही घालवू नये. साप चावला तर लक्षणांचीसुद्धा वाट पाहू नये.

आता ज्याची सर्वांना उत्सुकता असेल, त्या गुडघ्याकडे आणि कंबरेकडे येतो. सांधे दुखू लागले की औषधाच्या दुकानातून 'अंगदुखीची गोळी' येते, आणि ती पानसुपारीसारखी रोजची होऊन बसते. या गोळ्यांत बहुधा डायक्लोफिनॅक किंवा त्याच्या जातीचे औषध असते. हे औषध दोन-चार दिवस, डॉक्टरच्या सल्ल्याने घेणे निराळे आणि महिनोन्‌महिने घेणे निराळे. पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्या आकाशातील गिधाडे कोठे गेली, हे आपण कधी स्वतःला विचारले आहे काय? गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले, आणि मूत्रपिंडे बिघडून ती लाखोंनी मेली. हे २००४ साली उघडकीस आले आणि २००६ साली गुरांसाठी ते औषध आपल्या सरकारने बंद केले. गिधाडाचे शरीर माणसाच्या शरीरासारखे नाही, हे खरे. माणसाला ते औषध इतक्या थोडक्यात मारीत नाही. पण मूत्रपिंडाशी त्याचे वैर आहे, एवढा इशारा पुरेसा आहे. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर पोटात रक्त जात आहे असे समजावे आणि गोळी तत्काळ थांबवून दवाखान्यात जावे.

त्याहून वाईट म्हणजे बिनानावाच्या पुड्या. घेतल्याबरोबर गुडघा पळू लागतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो. अशा चमत्कारी पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. ते हाडे पोकळ करते, साखर चढवते, आणि ते एकदम बंद केले तर माणूस कोसळतो. ज्या औषधाचे नाव कागदावर लिहून मिळत नाही, ते औषध घेऊ नये. हा नियम एकट्याने पुष्कळ घरे वाचतील.

दुखण्यावर साधे पॅरासिटामॉल हे वृद्धांना त्यातल्या त्यात निर्धोक. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तासांचे अंतर ठेवून. ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा दारूची सवय आहे, त्यांनी विचारल्याशिवाय तीही घेऊ नये. पण गुडघ्याचे खरे औषध मांडीचे स्नायू हे आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ समोर उचलावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, खाली ठेवावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिनाभर केल्यावर जिना थोडा उतरल्यासारखा वाटेल. दुखते म्हणून चालणे सोडले की स्नायू वाळतो, स्नायू वाळला की अधिक दुखते. मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन दिवस थंड पाण्याची पट्टी, पाय उशीवर, आणि विश्रांती. तेल लावून रगडणे नाही. चार पावलेही टाकवत नसतील, तर फोटो काढून हाड पाहावे.

रोजच्या इतर तक्रारी भराभर पाहू. बद्धकोष्ठासाठी पाणी, भाजी, ज्वारीची भाकरी आणि फिरणे. रोज जुलाबाची गोळी नको. पण जी सवय वर्षानुवर्षे होती ती एकाएकी बदलली, रक्त पडले किंवा वजन उतरले, तर ते बद्धकोष्ठ समजू नये. अंगाची खाज बहुधा कोरड्या कातडीची असते. अंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल लावावे. रात्री घरातील सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर ती खरूज, आणि औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावयाचे. कानात काडी, किल्ली, सेफ्टी पिन घालू नये. मळ आणखी आत जातो. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी पेलाभर पाणी, ताक किंवा पन्हे प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी मात्र विचारून घ्यावे. उन्हाने माणूस बरळू लागला, तर सावलीत नेऊन कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे आणि वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये.

आता ज्या गोष्टींसाठी त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, घराबाहेर पडावे, त्या सांगतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे: येथे साडेचार तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचले तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देता येण्याचा संभव असतो. छातीवर दडपण, दम किंवा कारण नसता घाम येणे. एकाएकी दृष्टी जाणे. लघवी तुंबणे. काळी शौचाला. आणि कालपर्यंत शहाणपणाने बोलणारे माणूस आज असंबद्ध बोलू लागणे. ही सहा लक्षणे लिहून भिंतीवर लावावीत. बाकीच्या पुष्कळ गोष्टींना उद्या सकाळपर्यंत थांबता येते.

हे सर्व शिकायला फार शाळा लागते असे नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा त्यांनी खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच स्त्रियांनी आपापल्या गावचे आरोग्य सांभाळून दाखवले. मग आपल्या घरातील सून, मुलगा, नातू आणि स्वतः आजी-आजोबा यांना हे का जमू नये?

पण मित्रहो, ज्ञान असूनही एक अडचण उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. आपले वृद्ध सांगत नाहीत. का सांगत नाहीत? मुलाचा हंगाम चालू आहे, सोयाबीनचा भाव पडला आहे, नातीचे लग्न तोंडावर आहे, आणि आपल्या पायासाठी हिंगोलीला गाडी करावयाची म्हणजे घरातला पैसा जावयाचा, एवढा विचार करून आजोबा पायाला फडके गुंडाळतात आणि गप्प बसतात. त्यांच्या या गप्प बसण्यात प्रेमच असते. पण हिशेब चुकतो. आठव्या दिवशी एका पट्टीत भागले असते, तेथे दुसऱ्या महिन्यात बोट कापावे लागते; आणि मग मुलाचा हंगामही जातो, पैसाही जातो आणि आजोबांचे चालणेही जाते. घरावर भार पडू नये अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी तर दुखणे सर्वांच्या आधी सांगितले पाहिजे.

आणि तरुण मंडळींनो, तुमच्याकडेही थोडा दोष येतो. आई म्हणते, 'बाबा, चक्कर आल्यासारखे होते,' आणि आपण मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, 'या वयात असे व्हायचेच.' हे वाक्य दोन-तीनदा ऐकले की ती पुन्हा सांगत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा आपणच जवळ बसून विचारावे: चक्कर आली का, पडलात का, पाय दाखवा, गोळ्या कोणत्या चालू आहेत? पाच मिनिटांचे काम आहे. एक वही करावी. तीत गोळ्यांची नावे, सुईची तारीख, पडल्याची तारीख, साखर आणि रक्तदाबाचे आकडे लिहावेत, आणि दवाखान्यात जाताना ती बरोबर न्यावी. पुष्कळ वृद्ध दोन-दोन डॉक्टरांच्या एकाच औषधाच्या दोन गोळ्या घेत असतात, ते या वहीने उघड होते.

सरकारी मदतही काही आहे. सत्तरीच्या वरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातील उपचारांसाठी सामील करून घेण्याचा निर्णय २०२४ साली झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. वृद्धांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. कागदपत्रे गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने भरून दिली, तर तेही एक समाजकार्यच होईल.

शेवटी एवढेच सांगतो. म्हातारपण टाळता येत नाही आणि सगळी दुखणीही टाळता येत नाहीत. पण शेवटपर्यंत आपल्या पायांनी उठावे, न्हाणीपर्यंत जावे, पारावर येऊन चार माणसांत बसावे, ही इच्छा काही मोठी नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती पुरी होण्यासारखी आहे. ती पुरी व्हावयाची तर आजचे लहान दुखणे आज धुवावे, आज बांधावे आणि आज सांगावे. आता सभेनंतर उठताना मात्र घाई करू नका. आधी पाय सोडून मिनिटभर बसा, शेजाऱ्याचा हात धरा, आणि मग उठा.